जग तापतंय तोवर डोकं थंड कसं ठेवायचं
पहिलं म्हणजे रात्री दोन वाजता हवामानाच्या बातम्या स्क्रोल करणं बंद करा, त्याने तापमान अर्धा डिग्रीपण उतरत नाही, मी करून बघितलंय. जोक मारायचेच तर "हा उरलेल्या आयुष्यातला सगळ्यात थंड उन्हाळा आहे" हा आता शिळा झालाय, नवीन शोधा, आणि ज्याच्या घरात कालच पाणी शिरलंय त्याला तर अजिबात ऐकवू नका, आधी बादली घेऊन जा, जोक तो स्वतःच मारेल.

भीती वाटते ती उगाच नाही, हे मान्य करून टाका. २०१५ ला पॅरिसच्या हवामान करारात देशांनी कारखान्यांच्या जमान्याआधीच्या तापमानापेक्षा दीड डिग्री जास्त, अशी लक्ष्मणरेषा आखली, २०२४ ची अख्ख्या वर्षाची सरासरी तिच्या पलीकडे गेली (करारातली रेषा अनेक वर्षांच्या सरासरीवर मोजतात, तेवढाच काय तो दिलासा). हवा एक डिग्री तापली की साधारण ७ टक्के जास्त वाफ धरते, म्हणून हल्ली पाऊस पडत नाही, कोसळतो.

मग हाताला काम द्या. कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत, पॉवर बँक चार्ज करून, ओआरएसची पाकिटं, शेजारच्या आजींचा नंबर. माझ्या पिशवीत टॉर्च आहे पण सेल नाहीत, रिमोटमध्ये घातले होते, आज आणतो.