मोतीबिंदूचं ऑपरेशन खासगीत करायचंय? कोल्हापुरात सर्जन असा पारखा

आबांना मोतीबिंदू झालाय असं कळलं की घरात पहिला प्रश्न येतो, "खर्च किती?" आणि दुसरा, "ओळखीत कुणी केलंय का?" दोन्ही रास्त, पण नंतरचे. राजारामपुरी, शाहूपुरी, ताराबाई पार्क, कुठंही गेलात तरी डोळ्यांच्या दवाखान्याची पाटी दिसतेच. त्यातली कुठली पाटी आपली, हे आबांचा डोळा साधा की अवघड यावर ठरतं. साधा डोळा बहुतेक सरावलेले सर्जन नीट हाताळतात. अवघड डोळ्याला तसल्या डोळ्यांची सवय असलेला हात लागतो.

अवघडपणा बऱ्याचदा घरीच तयार होतो. "अजून पिकला नाही, थांबूया" म्हणत वर्षं काढली की भिंग कडक, तपकिरी होतं. फेको या नेहमीच्या पद्धतीत २.२ ते २.८ मिलिमीटरच्या छेदातून अल्ट्रासाउंडनं भिंग फोडून ओढून घेतात. भिंग जितकं कडक तितकी ऊर्जा जास्त लागते, आणि तिचा मार बुबुळाच्या आतल्या पेशींवर बसतो. या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. मोठ्या माणसात त्या दर चौरस मिलिमीटरला साधारण २००० ते ३००० असतात. १००० च्या खाली असतील तर ऑपरेशननंतर बुबुळ सुजून धुरकट राहण्याचा धोका वाढतो. म्हणून जुन्या, कडक मोतीबिंदूत ही मोजणी, म्हणजे स्पेक्युलर तपासणी, मागून घ्या. असल्या डोळ्यात एखादे डॉक्टर ६-७ मिलिमीटरच्या छेदाची, बिनटाक्याची एसआयसीएस पद्धत सुचवतील. त्यांना फेको येत नाही असं लगेच समजू नका. दोन्ही पद्धती करणारा सर्जन हवा, कारण मग तो डोळा बघून पद्धत ठरवतो.

पहिल्या भेटीत डॉक्टर काय विचारतात याकडं लक्ष ठेवा. रात्री सारखं लघवीला उठावं लागतं म्हणून टॅमसुलोसिनची गोळी चालू आहे का? त्या गोळीनं बाहुलीभोवतीचा पडदा सैल पडतो आणि ऑपरेशनच्या मध्येच बाहुली आकसते. गोळी आधी बंद करूनही हा परिणाम पुरता जात नाही. पण सर्जनला ठाऊक असलं की तो तयारीनं उतरतो. लहानपणी डोळ्याला विटी किंवा चेंडू लागला होता का? तसं असेल तर भिंगाला धरून ठेवणारे तंतू तुटलेले असू शकतात. साखर असेल तर बाहुली मोठी करून मागचा पडदा, म्हणजे रेटिना, बघितला का, शंका आली तर ओसीटी, म्हणजे त्या पडद्याचा स्कॅन, काढायला सांगितलं का? रक्त पातळ करायची गोळी आपल्या मनानं बंद करू नका, हेही तिथंच सांगितलं जायला हवं. यातलं काहीच न विचारता जिथं थेट पॅकेजवर बोलणं सुरू होतं, तिथून फाइल घेऊन बाहेर पडलेलं बरं.

पदवी तपासणं सोपं. एमएस, एमडी किंवा डीएनबी नेत्ररोग, अथवा डीओएमएस पदविका. नाव आणि नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या किंवा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोंदवहीत ऑनलाइन सापडतो. नावापुढं अक्षरांची माळ असेल तर भुलू नका: एफआयसीओ हे परीक्षा देऊन मिळतं, ऑपरेशनचा हात त्यातून येत नाही. त्यापेक्षा फेलोशिप, म्हणजे पदवीनंतरचं खास प्रशिक्षण, कशात आणि किती काळाची, हे विचारा. बुबुळ, काचबिंदू, पडदा, तिरळेपणा या वेगवेगळ्या वाटा आहेत. काचबिंदूही असलेल्या माणसानं काचबिंदूवाल्या सर्जनचं मत घेतल्याशिवाय मोतीबिंदूला हात लावू देऊ नये.

आता "किती ऑपरेशनं केली?" हा प्रश्न. आकडा मोठाच सांगतात, आणि तो तपासायची सोय आपल्याकडं नसते. त्याऐवजी असं विचारा: "डॉक्टरसाहेब, आबांसारखा कडक मोतीबिंदू महिन्याला किती होतो तुमच्याकडं? आणि मागची पिशवी फाटली तर पुढं काय करता?" भिंगाभोवतीची ही पिशवी काही मायक्रॉन जाडीची असते आणि नवीन भिंग तिच्यातच बसवायचं असतं. सरावलेल्या हातातही शंभरात एखाद्या डोळ्यात ती फाटते. "आमच्याकडं असलं कधी होतच नाही" हे उत्तर ऐकलं की सावध व्हा. चांगलं उत्तर नेमकं असतं: थिएटरमध्ये व्हिट्रेक्टॉमीची, म्हणजे पुढं आलेली डोळ्यातली जेली काढायची, सोय आहे, पिशवीबाहेर बसवता येईल असं वेगळं भिंग राखीव ठेवतो, आणि भिंगाचा तुकडा मागं पडलाच तर अमुक पडद्याचे सर्जन काढतात. मग ते सर्जन याच इमारतीत असतात, ठरावीक वारी येतात, की मिरज-पुण्याला पाठवणार, हेही विचारा. ऑपरेशन स्वतः कोण करणार हा प्रश्नही इथंच. पाटीवर एक नाव आणि टेबलाशी दुसरं असं होऊ शकतं, म्हणून संमतीपत्रावर सर्जनचं नाव लिहून घ्या.

खरी परीक्षा मात्र मोजमापाच्या चिठ्ठीत आहे. बायोमेट्रीचा, म्हणजे डोळ्याच्या मोजणीचा, कागद हातात घ्या. एएल म्हणजे डोळ्याची लांबी, समजा २३.४२. के१ आणि के२ म्हणजे बुबुळाचा बाक, समजा ४३.७५ आणि ४५.२५. लांबीत एक मिलिमीटर चुकलं तर चष्म्याचा नंबर साधारण अडीच ते तीननं चुकतो. मशीनची कांडी (प्रोब) बुबुळाला टेकवून मोजताना जरा दाबला गेला की डोळा आखूड मोजला जातो, भिंग जास्त पॉवरचं निघतं आणि आबांना लांबचं धूसर दिसतं. म्हणून न टेकवता प्रकाशानं मोजणारं मशीन आहे का, बघा. मोतीबिंदू फारच दाट असेल तर प्रकाश आरपार जात नाही. तिथं पाण्याच्या कपातून केलेलं अल्ट्रासाउंड चालतं. दोन्ही डोळे मोजायला सांगा, आणि लांबीत ०.३ पेक्षा जास्त फरक आला तर पुन्हा. वरच्या चिठ्ठीत दोन बाकांमध्ये दीडचा फरक आहे, म्हणजे असा फरक भरून काढणाऱ्या टॉरिक भिंगाचा विचार व्हायला हवा. तो विषय डॉक्टरांनी स्वतःहून काढला तर कागद वाचलाय असं समजा. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यानं मोजणीआधी एक-दोन आठवडे ती बंद ठेवावी.

भिंग निवडताना काम सांगा. हुपरीत चांदीचं बारीक काम करणाऱ्याला जवळचं स्पष्ट हवं. त्याच्यासाठी साधं मोनोफोकल, म्हणजे एकाच अंतराला स्पष्ट दाखवणारं, भिंग जवळच्या अंतराला धरून बसवता येतं. रात्री गाडी चालवणाऱ्याला मल्टिफोकलमध्ये, म्हणजे लांबचं-जवळचं दोन्ही दाखवणाऱ्या भिंगात, समोरच्या दिव्यांभोवती कडी दिसू शकतात. पडद्याला साखरेचा त्रास असेल तर मल्टिफोकल टाळतातच. महाग भिंग म्हणजे चांगला सर्जन असं समीकरण नाही. पॅकेजमधला बराचसा फरक भिंगाचाच असतो. म्हणून भिंगाची कंपनी आणि मॉडेल, सर्जनची फी, थिएटर, थेंब, पुढच्या तपासण्या, सगळं वेगवेगळं लिहून मागा. महाराष्ट्रातल्या नर्सिंग होमना २०२१ च्या नियमदुरुस्तीनंतर दरपत्रक लावावं लागतं, तेव्हा मागायला संकोच नको. विमा असेल तर पॉलिसी आधी वाचा: आरोग्य संजीवनी या पॉलिसीत मोतीबिंदूला २४ महिन्यांची प्रतीक्षा आहे, आणि एका डोळ्यामागं विमा रकमेच्या २५ टक्के किंवा ४०,००० रुपये, यातलं जे कमी ते मिळतं.

जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण झाला तर डोळा जाऊ शकतो. ऑपरेशनआधी डोळ्यात ५ टक्के पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक घालून तीन मिनिटं थांबतात का, शेवटी डोळ्याच्या आत अँटिबायोटिक देतात का, हे बेधडक विचारा. दोन्ही डोळे एकाच दिवशी उरकायची घाई नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोळा कोण तपासणार? सर्जन बाहेरगावचा आणि त्याच रात्री परतणारा असेल तर इथं जबाबदार डॉक्टर कोण, त्यांचा नंबर कुठला, हे आधीच लिहून घ्या. पहिल्या आठवड्यात दुखणं वाढलं, डोळा लाल झाला, आलेली नजर पुन्हा कमी झाली तर सकाळची वाट न बघता त्याच तासाला निघायचं. डोळ्यापुढं विजा चमकल्या किंवा बाजूनं काळा पडदा सरकल्यासारखा वाटला तरीही तसंच. थेंब चार-सहा आठवडे, चष्म्याचा नंबर त्यानंतर. तोवर गुऱ्हाळाचा धूर, ऊसतोड आणि रंकाळ्यात पोहणं बंद. चैत्रात जोतिबाला जायचं असेल तर तारीख आधी बघा, तिथला गुलाल ताज्या जखमेच्या डोळ्याला अजिबात चालायचा नाही.

घरी येताना डिस्चार्ज कार्डावर भिंगाचं स्टिकर चिकटवलंय का बघा. त्यावर मॉडेल, पॉवर आणि सिरियल नंबर असतो. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी डॉक्टर तेच आधी मागतील. तिथंच उभं राहून त्याचा फोटो काढून ठेवा.