भुकेचं इंजेक्शन: पहिले बारा आठवडे कसे सांभाळायचे

लग्नसराई तोंडावर आली की पुण्यातल्या औषधांच्या दुकानांत एक चौकशी हमखास होते: "तीन महिन्यांत वजन उतरवणारं ते इंजेक्शन मिळेल का?" औषध खरं आहे, भूक कमी करून काम करतं. फक्त तीन महिन्यांचा हिशोब आधी मांडून घ्या.

अशी दोन औषधं आहेत: टिर्झेपेटाइड (ब्रँडचं नाव मौंजारो) भारतात मार्च २०२५ मध्ये आलं, वजनासाठीचं सेमाग्लुटाइड (ब्रँडचं नाव वेगोवी) त्याच वर्षी जूनमध्ये. दोन्ही आठवड्यातून एकदाच घ्यायची. टिर्झेपेटाइड २.५ मिलिग्रॅमपासून सुरू होतं, चार आठवड्यांनी ५. सेमाग्लुटाइड ०.२५, मग ०.५, मग १, प्रत्येक पायरीवर चार आठवडे. म्हणजे बारा आठवड्यांत तुम्ही फार तर तिसऱ्या पायरीवर असता. पहिली पायरी तर वजनासाठी नसतेच, पोटाला सवय व्हावी म्हणून असते. तारीख गाठायची म्हणून पायरी गाळली की मळमळ, उलट्या, अंगातलं पाणी कमी होणं आणि कधी मूत्रपिंडावर ताण, असं सगळं ओळीने येतं. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत सरासरी १५ टक्के वजन उतरलं, पण ६८ आठवड्यांत. औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं दोन तृतीयांश परत आलं. म्हणून "थांबवल्यावर पुढे काय" हे पहिल्याच भेटीत डॉक्टरांना विचारा.

ही भेट एंडोक्रायनोलॉजिस्ट (हार्मोन्सचे तज्ज्ञ) किंवा एम.डी. मेडिसिन डॉक्टरांकडे घ्या. जिम ट्रेनर किंवा ब्युटी पार्लरच्या सल्ल्याने नको. साधारणपणे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा) ३० च्या वर, किंवा २७ च्या वर आणि सोबत मधुमेह, रक्तदाब असं काही असेल तरच हे औषध देतात. चार किलो उतरवायला ते नाही. जाताना एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), यकृत आणि थायरॉइडचे रिपोर्ट न्या, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, चूर्ण-काढेसुद्धा. मधुमेहाची ग्लिमेपिराइड गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर एकदम खाली जाऊ शकते, त्यांचा डोस डॉक्टरांना कमी करावा लागतो. स्वतःला किंवा घरात कोणाला मेड्युलरी प्रकारचा थायरॉइडचा कर्करोग झाला असेल, पूर्वी स्वादुपिंडाला सूज आली असेल, तर ते आधी सांगा. मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी बंद करावं लागतं. टिर्झेपेटाइडवर असताना गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा कमी होतो: सुरुवातीचे आणि प्रत्येक डोसवाढीनंतरचे चार आठवडे दुसरं साधन वापरा.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून भूक मारणाऱ्या फेंटरमीनच्या गोळ्या मागवू नका. तिथे १९५९ पासून ती काही आठवड्यांपुरती देतात, पण ती उत्तेजक आहे. नाडी आणि रक्तदाब चढवते, झोप उडवते. हृदयविकार, काचबिंदू किंवा थायरॉइडचं हार्मोन वाढलेलं (हायपरथायरॉइड) असेल तर ती चालतच नाही. "शंभर टक्के आयुर्वेदिक" म्हणून विकल्या जाणाऱ्या स्लिमिंग पावडरींचंही तसंच. भारतात २०११ मध्ये बंदी आलेलं सिब्युट्रामिन हे भूक मारणारं औषध अशा पावडरींत मिसळलेलं वारंवार सापडलं आहे.

इंजेक्शन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवा, पण मागच्या भिंतीला चिकटवून नको. एकदा गोठलं की फेकावंच लागतं. एप्रिलमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा दुकानातून थर्मोकोलच्या डब्यात आणा, बर्फाची पिशवी नॅपकिनमध्ये गुंडाळून, आणि गाडीच्या डिकीत ठेवून पुढची कामं करत फिरू नका. टोचताना बेंबीपासून चार बोटं लांब, दर आठवड्याला जागा बदलून. इंजेक्शनच्या पेनचं बटण पूर्ण दाबल्यावर हळू दहापर्यंत मोजा, मगच सुई काढा. घाईत काढली तर थेंब बाहेर येतो आणि डोस अपुरा पडतो. सुई दर वेळी नवी. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत, झाकण लावून. कचरा हातांनी वेगळा करणाऱ्या बाईंना ती टोचता कामा नये.

खाण्यात सगळ्यांत मोठी चूक होते ती प्रथिनांची. भूक मेली की माणूस चहा-बिस्किटावर दिवस काढतो. मग चरबीबरोबर स्नायूही जातात, जिना चढताना पाय भरून येतात. दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत (मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आकडा डॉक्टर ठरवतील). वाटीभर वरणात पाच-सहा ग्रॅम, एका अंड्यात सहा, १०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८, ५० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत २५ च्या आसपास. ताटात आधी उसळ-पनीर संपवा, पोळी-भात नंतर. तर्रीदार मिसळ आणि वडापाव पहिले काही आठवडे टाळाच: जठर हळू रिकामं होत असतं, तळलेलं तासन्‌तास वर येत राहतं. चतुर्थीचा उपास ताक, शहाळं घेऊन करा. निर्जळी अजिबात नको. बद्धकोष्ठाला दोन-अडीच लिटर पाणी आणि रात्री इसबगोल.

पोटाच्या वरच्या भागात जोराची, पाठीत जाणारी, न थांबणारी कळ आली तर थेट हॉस्पिटल गाठा, स्वादुपिंडाचा त्रास असू शकतो. उजव्या बरगडीखाली दुखून ताप आला किंवा डोळे पिवळे झाले तर पित्ताशयाचे खडे तपासायला हवेत. ऑपरेशन ठरलं असेल तर भूलतज्ज्ञांना औषधाचं नाव आणि शेवटच्या डोसची तारीख सांगा, कारण उपाशी असूनही पोटात अन्न उरलेलं असू शकतं. आणि सलग दोन-तीन डोस चुकले तर जुन्याच डोसवर परत उडी मारू नका. कोणत्या पायरीपासून सुरू करायचं ते आधी फोन करून विचारा.