घर, शिफ्ट, दुकान सांभाळून ख्रिस्ती मनन कसं करायचं? एक वचन दिवसभर सोबत ठेवायची पद्धत

रविवारी वाइल्डर मेमोरियल नाहीतर ऑल सेंट्स चर्चला उपासना झाली, गीतं म्हटली, संदेश ऐकला, बाहेर येऊन सगळ्यांना सलाम केला, आणि सोमवारी सकाळी परत शिरोली एमआयडीसीची पहिली शिफ्ट, पोरांचे डबे, दुकानाचं शटर, आजारी सासूबाईंची औषधं. मग शनिवारपर्यंत देवाची आठवण जेवायच्या आधीच्या दोन ओळीत. कोल्हापुरात कितीतरी घरात असंच चाललेलं असतं आणि बिचाऱ्यांना वाटतं की मनन, ध्यान हे मठातल्या लोकांचं किंवा रिटायर झालेल्यांचं काम, आपल्यासारख्याला कुठला वेळ. मला हे अजिबात पटत नाही. प्रभू येशूला गावातले लोक सुतार म्हणून ओळखत होते (मार्क 6:3), म्हणजे सेवेला सुरुवात करायच्या आधीची सगळी वर्षं त्यानं हातानं काम करत काढली, आणि त्या वर्षात तो पित्यापासून लांब होता असं कोण म्हणेल?

तर खाली जी पद्धत सांगतोय ती कामाच्या माणसांसाठी आहे. सकाळी पंधरा मिनिटं, रात्री दहा मिनिटं, आणि मधल्या सगळ्या वेळात एकच वचन सोबत. एकच. जास्त घेतलं की काहीच राहत नाही.

पहिली पायरी: वचन आदल्या रात्रीच ठरवून ठेवा

सकाळी उठून शोधायला गेलं की हातात फोन येतो, फोन आला की व्हॉट्सअॅप, आणि तिथे चार ग्रुपवर फुलांच्या फोटोवर लिहिलेली चार वचनं आलेली असतात, ती वाचून पुढे पाठवली की आपल्याला वाटतं झालं आजचं. पाठवणाऱ्याचं मन चांगलं असतं, त्याबद्दल काही म्हणणं नाही, पण फॉरवर्ड करणं म्हणजे मनन नव्हे. म्हणून झोपायच्या आधी छापील पवित्र शास्त्र उघडा आणि एक छोटी ओळ कागदावर स्वतःच्या हातानं लिहून ठेवा. डोळे मिटून कुठलंही पान उघडायचं आणि बोट ठेवायचं, असं कृपा करून करू नका, त्यानं वचन म्हणजे चिठ्ठी काढल्यासारखं होतं. ओळीनं जा. स्तोत्रं 150 आहेत, आणि मार्क हे चारही शुभवर्तमानात सगळ्यात छोटं, 16 अध्यायांचं. या दोन्हीत कित्येक महिने पुरतील एवढं आहे.

दुसरी पायरी: सकाळची पंधरा मिनिटं

मार्कचा पहिलाच अध्याय बघा. संध्याकाळी सगळं गाव दाराशी जमलंय, आजारी माणसं, भूतग्रस्त, केवढी गर्दी, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, अजून अंधार असतानाच, प्रभू उठून एकांतात जाऊन प्रार्थना करतो (1:35). तिथेही शिमोन आणि बाकीचे त्याला शोधत येतातच की सगळे तुला शोधतायत म्हणून. म्हणजे त्याची गडबड संपली होती म्हणून तो बसला असं नाहीये, गडबडीच्या मधोमध बसला. हे मला फार धीर देतं.

जागेचं काय करायचं? मत्तय 6:6 मध्ये खोलीत जाऊन दार लावून घ्या असं सांगितलंय, आता दोन खोल्यांच्या घरात सहा माणसं असतील तर कुठलं दार लावणार. गच्ची बघा, जिन्याची पायरी बघा, सगळे उठायच्या आधीचं स्वयंपाकघर बघा. रंकाळ्यावर फिरायला जाणाऱ्यांनी फेरी झाल्यावर कट्ट्यावर बसावं. दार लावा याचा मला समजलेला अर्थ एवढाच की लोकांनी बघावं म्हणून करू नका. तेवढं पाळलं तर गर्दीच्या केएमटी बसमध्ये पण दार लागतं.

आता बसून करायचं काय, इथेच बरेच जण अडकतात. 12 व्या शतकात फ्रान्समध्ये गिगो नावाचे एक मठवासी होते, त्यांनी एका शिडीच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि शेवटी नुसतं देवापुढे थांबणं. एवढी शतकं लोक ही पद्धत वापरतायत आणि ती खरंच सोपी आहे. उदाहरण म्हणून स्तोत्र 23 ची पहिली ओळ घेऊ, परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही.

आधी वाचा, मोठ्यानं, ओठ हलू देत, दोन तीनदा, हळू. घरातले झोपलेले असतील तर पुटपुटा. मग ऊस चघळतो तसं एकेक शब्द चघळा, रस येईपर्यंत सोडायचा नाही. 'माझा' वर थांबा. सगळ्या जगाचा आहेच, पण माझा? 'उणे' वर थांबा. कशाची उणीव आत्ता टोचतेय? हप्ता? मुलीचं लग्न? कुणाचा राग? जे वर येईल ते येऊ दे, दाबू नका. मग तेच घेऊन देवाशी बोला, साध्या मराठीत, घरात बोलता तसं, पुस्तकी शब्द लागत नाहीत. देवा मला या महिन्यात पैसे पुरणार नाहीत आणि तू म्हणतोस उणे पडणार नाही, मला हे समजत नाही, समजव. हीसुद्धा प्रार्थनाच आहे, स्तोत्रकर्त्यांनी तर याहून कडक शब्दात विचारलंय. आणि शेवटची दोन तीन मिनिटं काही मागायचं नाही, बोलायचं नाही, तो आहे आणि मी त्याच्यापुढे आहे एवढ्यावर राहायचं. एलीया संदेष्ट्याला देव वाऱ्यात, भूकंपात, अग्नीत भेटला नाही, त्यानंतरच्या शांत मंद वाणीत भेटला (1 राजे 19), ते या शेवटच्या मिनिटांसाठी लक्षात ठेवा.

मन पळणारच. मार्केट यार्डातला गुळाचा दर, साहेबाचं कालचं बोलणं, गॅस बंद केला का. त्यावर चिडायचं नाही, वचनाचा पहिला शब्द परत घ्यायचा, बस. पळालेलं मन वीस वेळा परत आणलं तर तुम्ही वीस वेळा देवाकडे वळलात, ती बैठक वाया गेली असं मी तरी म्हणणार नाही.

तिसरी पायरी: वचन कामाला बांधून टाका

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि हीच लोक सोडतात. पंधरा मिनिटं झाली, आमेन म्हटलं, उठले आणि वचन तिथेच राहिलं असं होऊ द्यायचं नाही.

रोज न चुकता होणाऱ्या तीन चार गोष्टी निवडा. दूध तापवणं, गाडीला किक मारणं, ताराराणी चौकातला सिग्नल, शटर वर करणं, जिना चढणं, शिफ्टचा भोंगा, हात धुणं. त्या त्या वेळी वचन एकदा मनात म्हणायचं. श्वास आत घेताना अर्धं, सोडताना अर्धं: परमेश्वर माझा मेंढपाळ आहे... मला काही उणे पडणार नाही. ज्यांना वचन आठवत नाही त्यांनी जकातदाराची प्रार्थना घ्यावी, हे देवा, मज पाप्यावर दया कर (लूक 18:13). पूर्वेकडच्या जुन्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांमध्ये याच्याशी मिळतीजुळती येशूच्या नावाची छोटी प्रार्थना दिवसभर जपायची रीत आजही आहे, आणि निरंतर प्रार्थना करा असं पौलानं थेस्सलनीकाकरांना लिहिलं त्याचा अर्थ माझ्या मते असाच काहीतरी लागतो. फक्त एक सांभाळा, श्वासावर लक्ष अडकू देऊ नका, श्वास सोय म्हणून आहे, आपण बोलतोय ते येशूशी.

17 व्या शतकात पॅरिसच्या कार्मेल मठात ब्रदर लॉरेन्स म्हणून होते. आधी सैन्यात होते, जखमी झाले, शिक्षण फारसं नाही, मठात त्यांना स्वयंपाकघर दिलं, आणि ते काम त्यांना मुळात आवडायचं पण नाही. पुढे मठातल्या लोकांच्या चपला दुरुस्त करायचं काम त्यांच्याकडे आलं. आणि हा माणूस सांगायचा की भांड्यांच्या आवाजात, दहा जण दहा गोष्टी मागत असताना, मी देवाजवळ तेवढाच असतो जेवढा वेदीपुढे गुडघे टेकून असतो. आपल्या गावात ही गोष्ट जास्त लागू पडते असं मला वाटतं, इथे चामडं कापून, शिवून, ठोकून कितीतरी घरं चालतात. चप्पल लाईनीतल्या दुकानात बसलेला, फाउंड्रीत भट्टीसमोर उभा असलेला, हॉस्पिटलात नाईट करणारी सिस्टर, यांच्या हातात काम आहे म्हणून त्यांचं मन देवाला बंद होत नाही. हां, भट्टीसमोर, मशीनवर किंवा गाडी चालवताना डोळे मिटू नका, लक्ष कामावरच पाहिजे, तिथे काम नीट करणं हीच भक्ती. वचन चहाच्या सुट्टीत घ्या.

ज्यांना गायला आवडतं त्यांनी गुणगुणावं. मराठी ख्रिस्ती माणसाला अभंगाच्या चालीत प्रभूचं नाव घ्यायची जी गोडी लागली त्यात रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा (1861 ते 1919) फार मोठा वाटा आहे, 1895 साली बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी आपली मराठी, आपले संत, आपला ताल सोडला नाही. भाकरी थापताना त्या चालीतलं एखादं कडवं म्हणून बघा.

चौथी पायरी: रोज एक माणूस

वचन खरंच आत उतरतंय का हे ध्यानाला बसल्यावर किती शांत वाटलं यावरून कळत नाही. घरातल्या माणसाशी, खालच्या हुद्द्यावरच्या माणसाशी, उधारी मागायला आलेल्याशी आपण कसं बोललो यावरून कळतं. मत्तय 25 मध्ये प्रभू भुकेल्याचं, परक्याचं, आजाऱ्याचं, तुरुंगातल्याचं नाव घेतो आणि म्हणतो ते मला केलंत.

2019 च्या पुरात शिरोलीपाशी हायवे पाण्याखाली गेला तेव्हा जात धर्म न विचारता लोकांनी घरं उघडली, भाकऱ्या पाठवल्या, ते आपण सगळ्यांनी बघितलंय. पूर रोज येत नाही, पण शेजारच्या आजींच्या गोळ्या संपतात, कामवाल्या ताईंचा पगार आज द्यायचा असतो, भावाशी जमिनीवरून बोलणं बंद असतं. सकाळच्या प्रार्थनेतच देवाला विचारा, आज कोण? एक नाव येतं. बहुतेक वेळा जे नको असतं तेच येतं. वेदीपाशी आल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं तर अर्पण तिथेच ठेवून आधी जाऊन समेट करा असं मत्तय 5 मध्ये स्पष्ट आहे, म्हणून कधीकधी पंधरा मिनिटं अर्धी सोडून फोन लावणं हेच त्या दिवसाचं मनन. आणि शेजारी आरती चालू आहे, नातेवाईक जोतिबाला निघालेत, अशा वेळी तोंड वाकडं करून आपला विश्वास मोठा होत नाही. प्रेमानं वागा, कुणी विचारलं तर मोकळेपणानं सांगा.

पाचवी पायरी: रात्रीची दहा मिनिटं

येशूसंघाचे (जेझुइटांचे) संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी 16 व्या शतकात शिकवलेली ही रीत आहे. आधी आजच्या दिवसाबद्दल धन्यवाद, ठरावीक गोष्टींचे, नुसतं सगळ्याबद्दल असं नको. मग दिवस खरा दिसावा म्हणून देवाकडे प्रकाश मागायचा. मग सकाळपासून दिवस हळूहळू बघायचा, कुठे प्रभू जवळ होता, कुठे मी त्याला टाळलं. जे चुकलं त्याची क्षमा मागायची आणि उद्याची एक गोष्ट त्याच्या हातात द्यायची. पोरं असतील तर हे कौटुंबिक प्रार्थनेतच करा, आज सगळ्यात छान काय झालं आणि कुणाला सॉरी म्हणायचंय एवढे दोन प्रश्न लहानांना पुरतात, मोठ्यांनी आधी उत्तर द्यायचं. 1852 साली मिशनरी वाइल्डरसाहेब कोल्हापुरात आले आणि इथलं मिशनचं काम सुरू झालं, आपल्या कितीतरी जुन्या घरात रात्री सगळ्यांनी मिळून शास्त्र वाचायची सवय होती, ती टीव्हीच्या आवाजात गेली. परत आणा.

कोरडे दिवस आले तर

येतात. वचन लाकडासारखं लागतं, प्रार्थना छताला आपटते. मदर तेरेसांची पत्रं 2007 साली छापून आली तेव्हा कळलं की त्यांनी कितीतरी वर्षं असा अंधार सोसत सेवा केली. 88 वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, तरी ते पवित्र शास्त्रात आहे, म्हणजे असं बोलायची देवानंच परवानगी दिलीय. अशा दिवसात वेळ वाढवू नका आणि सोडूही नका, पंधराची पाच मिनिटं करा, स्तोत्र नुसतं वाचा, उठा.

पण झोप लागत नाही, जेवण जात नाही, जगणं नको वाटतं, असं होत असेल तर ते कोरडेपण समजून अंगावर काढू नका, डॉक्टरांकडे जा, पाळकसाहेबांना सांगा. मिरजेला मिशनरी वानलेस डॉक्टरांनी 1894 साली हॉस्पिटल उभं केलं ते विश्वासातूनच, औषध घेतलं म्हणजे विश्वास कमी असं आपल्या भागातल्या ख्रिस्ती माणसानं तरी म्हणू नये.

सुरुवात कुठून करायची

23 व्या स्तोत्रात सहाच वचनं आहेत, सोमवार ते शनिवार रोज एक. रविवारी नवीन काही नको, मंडळीत जाऊन संदेश ऐका, प्रभूभोजन असेल तर घ्या. त्यानंतर स्तोत्र 121, त्यात आठ वचनं आहेत, ती रविवार सोडून आठ दिवस घ्या. मग मार्क पहिल्या अध्यायापासून, एका दिवशी एकच प्रसंग आणि त्यातली एक ओळ. मंडळीतला एखादा मित्र किंवा मैत्रीण सोबत धरा, शनिवारी संध्याकाळी फोन करून एकमेकांना एवढंच विचारायचं, या आठवड्यात कुठलं वचन सोबत राहिलं आणि कुणासाठी प्रार्थना करू.