ई-सायकल: पेडल असिस्ट की थ्रॉटल?

रोजच्या रस्त्याला पेडल असिस्टच वापरा, म्हणजे पेडल तुम्ही मारायचं आणि मोटरने साथ द्यायची. तुमचे पाय भार उचलतात, त्यामुळे त्याच चार्जिंगमध्ये सायकल बरीच लांब जाते. थ्रॉटल, म्हणजे पेडल न मारता मोटर चालवणारी हँडलवरची मूठ, ठेवा ती चढावरच्या सिग्नलसाठी. पेडल फिरतंय का एवढंच ओळखणाऱ्या साध्या सेन्सरची मोटर पेडल थोडं फिरल्यावरच जागी होते. तेवढ्यात हँडल डगमगतं आणि मागून बसचा हॉर्न वाजतो. तिथे थ्रॉटल हलकेच पिळा, तोल सावरला की सोडा. थांबण्याआधीच गिअर खाली आणलेला बरा.

अख्खा घाट मात्र नुसत्या थ्रॉटलवर चढू नका. वेग मंदावला की हब मोटरमध्ये (चाकाच्या मध्यभागी बसवलेल्या मोटरमध्ये) बरीचशी वीज उष्णतेतच जाते. २५० वॉटच्या मोटरला तुमच्या पायांची साथ लागतेच. गुडघा दुखत असेल तर असिस्टची लेव्हल वाढवा, पाय मात्र फिरते ठेवा.