कुंडी बदलली आणि झाडाने मान टाकली? या चुका टाळा

नवी कुंडी, नवी माती, आणि तिसऱ्या दिवशी झाड मलूल. पीस लिली असेल तर पानं कुंडीच्या काठावरून लोंबतात, फायकस असेल तर फरशीवर पानांचा सडा पडतो. यातून झाड दगावलंच, तर ते बहुधा कुंडी बदलल्यामुळे नव्हे, पुढच्या आठ दिवसांत त्याच्यावर झालेल्या उपचारांमुळे.

झाडाचं बरंचसं पाणी शोषतात ती मुळांच्या टोकांजवळची केसासारखी बारीक मूळरोमं. जुन्या कुंडीतून झाड कितीही जपून काढलं तरी ती तुटतात. पानं मात्र होती तेवढीच राहतात आणि पूर्वीइतकंच पाणी हवेत सोडत राहतात. खर्च तोच, आवक निम्मी. मातीत पाणी असतं, ते ओढून घेणारं तोंड नसतं. नवी मूळरोमं येऊन हा हिशेब जुळायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. गोव्यात घरातलं तापमान २० अंशांच्या खाली क्वचितच जातं, त्यामुळे मुळं बाराही महिने वाढतात. ही आपली जमेची बाजू आहे.

मान टाकली म्हणून पाणी घालणं

सगळ्यात जास्त झाडं यात जातात. तहानलेलं झाड आणि मुळं गुदमरलेलं झाड वरून अगदी सारखं दिसतं. ओल्या मातीत आणखी पाणी ओतलं की मातीतल्या पोकळ्या भरतात, मुळांना हवा मिळत नाही आणि तुटलेल्या टोकांपासून कुज सुरू होते. मग झाड आणखी मलूल होतं आणि आपण पुन्हा तांब्या उचलतो.

तांब्या उचलण्याआधी झाडाकडे सकाळी सातला बघा. दुपारी पानं खाली आणि सकाळी पुन्हा ताठ, तर झाड सावरतंय, त्याला हात लावू नका. सकाळीही तशीच पडलेली असतील, तर तपासायला हवं. कबाबाची बांबूची काडी मातीत ४ इंच खुपसा, १० मिनिटांनी काढा. काळपट ओली निघाली तर पाणी नको, आणि तिला आंबूस वास असेल तर कुज लागली आहे. कोरडी निघाली तर पाणी हवं. पानंही सांगतात: पिवळी, मऊ, देठाशी लुळी पानं म्हणजे पाणी जास्त, कडेने तपकिरी, कुरकुरीत पानं म्हणजे पाणी कमी किंवा मातीत क्षार जास्त.

काडी काठाशी ओली, खोडापाशी कोरडी

इथल्या रोपांचा हा खास घोटाळा आहे आणि तो सहजी लक्षात येत नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून किंवा रस्त्याकडेच्या नर्सरीतून आणलेलं रोप काळ्या पिशवीत असतं आणि पिशवीत बऱ्याचदा तांबडी चिकट माती ठासून भरलेली असते. पिशवी फाडली की विटेसारखा गोळा हातात येतो. तो तसाच कुंडीत ठेवून भोवती कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखताचं हलकं मिश्रण भरलं जातं. आता पाणी घाला: ते सोपी वाट धरतं, भोवतालच्या भुसभुशीत मिश्रणातून उतरून खालच्या भोकातून वाहून जातं. ताटलीत पाणी दिसतं, वरची माती ओली लागते, आणि मुळं ज्या गोळ्यात आहेत तो गोळा आत कोरडा ठणठणीत. म्हणून काडी दोन ठिकाणी खुपसायची, एकदा काठाशी आणि एकदा खोडापासून बोटभर अंतरावर.

उपाय सोपा. टबात पाणी घेऊन कुंडी अर्ध्याहून थोडी जास्त बुडेल अशी ठेवा. आधी बुडबुडे येतील. ते थांबेपर्यंत, म्हणजे साधारण २० ते ३० मिनिटं, तशीच राहू द्या. मग बाहेर काढून अर्धा तास निथळू द्या. पुढच्या पाण्याच्या वेळीही तेच करा. मुळं गोळ्याबाहेर पसरली की वरून घातलेलं पाणी पुरतं.

झाड अजून पिशवीतच असेल तर काम आणखी हलकं आहे. कुंडी बदलण्याच्या आदल्या संध्याकाळी पिशवीसकट पाण्यात बुडवून ठेवा. दुसऱ्या दिवशी भिजलेल्या गोळ्याच्या कडेची माती बोटांनी सोडवत जा आणि साधारण एक तृतीयांश माती उतरवा. सगळी धुऊन मुळं उघडी करण्याचा उत्साह नको. तळाशी गोल गोल फिरलेली मुळं मोकळी करा, सुटत नसतील तर कडेने दोन-तीन ठिकाणी उभे छेद द्या. अरेका पामला मात्र हे लागू नाही. पामच्या मुळांना छेडछाड सोसत नाही. गोळा भिजवा, फुटेल तेवढी वरची माती काढा आणि तसाच लावा. एका कुंडीत दहा-बारा रोपं दिसतात म्हणून ती वेगळी करून चार कुंड्या करायचा मोहही आवरा.

‘एकदाच मोठी कुंडी घेऊया’

६ इंची कुंडीतलं झाड ७ किंवा फार तर ८ इंचीत जावं. १२ इंचीत नको, कारण कुंडीचा आकार तोच ठेवून व्यास दुप्पट केला की माती आठपट होते. तेवढी माती भिजते, पण ते पाणी ओढायला मुळं आहेत पूर्वीचीच, तीही जखमी. मधली माती आठ-आठ दिवस ओली राहते आणि मुळं कुजतात. असं झालं असेल तर पुन्हा लहान कुंडीत हलवावं. दुसऱ्यांदा त्रास होईल ही भीती इथे कामाची नाही.

तळाशी खडीचा थर देण्याची पद्धतही सोडून द्या. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड खडीत सहज उतरत नाही, ते खडीच्या वर, मातीच्या शेवटच्या दोन बोटांत अडकून राहतं. खडी घातली की हा चिखल उलट मुळांच्या जवळ येतो. भोकावर फुटक्या कौलाचा एक बाकदार तुकडा किंवा नायलॉन जाळी पुरे.

माती, रेती, कोकोपीट

परसातली तांबडी माती कुंडीत एकटी वापरू नये. चिऱ्याच्या खडकापासून झालेली ही माती जमिनीत बरी असते, कुंडीत चार पाण्यांत थापली जाते. मॉन्स्टेरा, मनीप्लांट, अँथुरियम, पीस लिली यांसाठी २ भाग कोकोपीट, १ भाग गांडूळखत आणि १ भाग परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) घ्या. परलाइट नसेल तर भाताचा तूस किंवा वाटाण्याएवढे विटेचे तुकडे चालतात. स्नेक प्लांट आणि झेडझेड प्लांटला निम्मं मिश्रण जाड रेतीचं हवं.

रेती नदीची. समुद्रकिनाऱ्यावरून पिशवी भरून आणलेली नको. मीठ दोन पाण्यांत निघेल, शिंपल्यांचा चुरा निघत नाही आणि तो माती चुनखडीची करतो. कोकोपीटमध्येही क्षार असू शकतात. ६५० ग्रॅमची वीट भिजल्यावर साधारण ८ लिटर होते. ती भिजवून, पिळून, पाणी फेकून, असं दोन-तीनदा केल्याशिवाय वापरू नका. किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतं, तेव्हा नुकतीच कुंडी बदललेल्या झाडाला ते घालू नये. पीस लिली, ड्रेसीना आणि स्पायडर प्लांटची टोकं करपली की पहिला संशय याचाच.

माती भरताना अंगठ्यांनी दाबायची नाही. कुंडी जमिनीवर दोनदा हलकी आपटली की माती बसते. खोड पूर्वी जितकं मातीत होतं तितकंच आताही असावं. पीस लिलीचा गाभा दोन बोटं खाली गेला तर तो कुजतो. झाड डुलतंय म्हणून खोल लावण्यापेक्षा काठीचा आधार द्या.

अशक्त झालंय, खत घालूया

खत म्हणजे क्षार. मुळांभोवती क्षार वाढले की पाणी आत जाणं आणखी अवघड होतं आणि उघड्या टोकांना चटका बसतो. चार ते सहा आठवडे काही घालू नका. मिश्रणात गांडूळखत आहे तेवढं पुरतं. नंतर नवी पालवी दिसली की १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम, तेही ओल्या मातीवर. ओलं शेण किंवा अर्धवट कुजलेलं खत कुंडीत कधीच नको, ते कुजताना तापतं. चहाचा चोथा, केळीची सालं, डाळ-तांदळाचं धुवण हेही आजारपणात थांबवा. दमट हवेत त्यावर चिलटं येतात आणि त्यांच्या अळ्या कोवळी मुळं खातात.

जागा

‘थोडं ऊन दाखवूया’ म्हणून झाड बाहेर काढू नका. उन्हात पानं जास्त पाणी सोडतात आणि नेमकं तेच त्याला परवडत नाही. जुन्या घराच्या बाल्कांवात (दारापुढच्या ओसरीत) ऊन थेट न येणारा कोपरा किंवा फ्लॅटमध्ये पूर्वेच्या खिडकीपासून दोन-तीन फूट आत, एवढा उजेड योग्य. पंख्याच्या झोतात नको, एसीसमोर तर नकोच. एकदा ठेवलं की तीन आठवडे हलवू नका. फायकस तर जागा बदलली एवढ्या कारणावरूनही पानं टाकतो.

झाडावर प्लास्टिकची पिशवी घालायचा सल्ला कोरड्या हवेच्या गावांसाठी आहे. आपल्याकडे हवेत आधीच दमटपणा मुबलक. पिशवीत बुरशी धरते आणि पिशवीवर ऊन पडलं तर झाड उकडतं. तीच गोष्ट दिवसातून चारदा पानांवर फवारा मारण्याची.

मलूल दिसतात म्हणून हिरवी पानं छाटू नका, नव्या मुळांना अन्न तीच पुरवतात. पूर्ण पिवळी झालेली तेवढी काढा. मुळं निम्म्याहून जास्त गेली असतील तरच वरची एक चतुर्थांश पालवी कमी करावी.

पावसाळ्यात कुंडी बदलणं

चवथीआधी घर आवरताना झाडांचीही वर्णी लागते, पण ऑगस्टमध्ये घरातल्या कुंडीची माती दहा-बारा दिवस वाळत नाही. निकड नसेल तर ऑक्टोबर उजाडू द्या, किंवा फेब्रुवारी-मार्चमध्ये करा. करावंच लागलं तर मातीची कुंडी घ्या, तिच्या भिंतीतून ओलावा निघतो. परलाइट किंवा तूस दीडपट करा. पाणी वाराप्रमाणे न देता काडी बघूनच द्या. ताटलीतलं पाणी अर्ध्या तासात ओतून टाका. मुळांसाठीही आणि डासांसाठीही. मातीवर पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नका, ती खतावर जगते, झाडावर नाही. वरची माती काट्याने उकरा आणि पाण्यात अंतर वाढवा.

कुज लागलीच असेल तर

मग वाट बघू नका. झाड काढा, मुळं नळाखाली धुवा. पांढरी किंवा फिकट तपकिरी, दाबल्यावर टणक मुळं चांगली. काळी, साल निसटून आतला दोरा हातात येतो ती गेलेली. स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने ती चांगल्या भागापर्यंत कापा. उरलेल्या मुळांच्या मापाची कुंडी घ्या, मग ती पूर्वीपेक्षा लहान का असेना. जुनी माती फेकून द्या. नवं मिश्रण ओलसर असावं, पिळलं तर थेंब पडू नये. पहिले तीन-चार दिवस वरून पाणी नको. मनीप्लांट किंवा मॉन्स्टेरा असेल तर त्याच दिवशी गाठीसकट एक-दोन फांद्या पाण्यात लावून ठेवा. मूळ झाड गेलं तरी वाण राहतो.

स्नेक प्लांट, झेडझेड आणि अ‍ॅडेनियम यांचा नियम उलटा आहे. कुंडी बदलल्यावर त्यांना पाच ते सात दिवस पाणीच द्यायचं नाही. जखमा कोरड्या होऊ द्यायच्या. पीस लिली आणि नेच्यांना मात्र लगेच भरपूर एक पाणी हवं.

तीन आठवड्यांनी खोड दोन बोटांत धरून अगदी हलकं वर ओढून बघा. अडकल्यासारखं वाटलं तर मुळांनी पकड घेतली आहे. नवं पान यायला चार ते आठ आठवडे लागतात, आणि पहिलं पान लहान निघालं तरी चालतं.

फायकस पूर्ण ओका झाला तरी लगेच उपटू नका. फांदीवर नखाने हलकं खरवडा. आत हिरवं आणि ओलसर असेल तर ती जिवंत आहे. तपकिरी असेल तर टोकाकडून खाली येत हिरवं लागेल तिथे कापा. पानं नसलेलं झाड पाणी जवळजवळ पीत नाही, म्हणून वरची दोन इंच माती वाळल्यावरच थोडं पाणी द्या. महिन्याने पुन्हा खरवडून बघा, या वेळी बुंध्यापाशी. तिथेही तपकिरी लागलं तर कुंडी रिकामी करा.