आई-बाबांचा अमेरिकन नागरिकत्वाचा अर्ज: कागदपत्रं जमवताना या चुका टाळा

ग्रीनकार्डाला पाच वर्षं पुरी व्हायला ९० दिवस उरले की एन-४०० हा नागरिकत्वाचा अर्ज भरता येतो. मुलगा किंवा मुलगी लॅपटॉप उघडून बसते आणि विचारते, "आई, मागच्या पाच वर्षांत तू पुण्याला कधी कधी गेली होतीस?" आई म्हणते, "मावशीच्या साठीला गेले ती गणपती करून आले." पहिली चूक इथे होते. प्रवासाच्या तारखा आठवणीवर कधीही लिहू नका.

आम्ही तेच केलं होतं. मग कोपरा कापलेला जुना पासपोर्ट शोधून काढला आणि मुंबई विमानतळाचे पुसट शिक्के भिंगाखाली धरले, तेव्हा कळलं की एक अख्खी खेप राहूनच गेली आहे. मामा गेले तेव्हाची, अवघ्या ९ दिवसांची. अर्जात २४ तास किंवा त्याहून जास्त काळाची प्रत्येक परदेशफेरी दाखवावी लागते, आणि दुःखाच्या घाईत केलेल्या फेऱ्याच नेमक्या विसरल्या जातात. अमेरिकेतून निघताना शिक्का मारत नाहीत, येतानाही आता बऱ्याच ठिकाणी मारत नाहीत. म्हणून मुंबईचे शिक्के, ईमेलमधली तिकिटं आणि आय-९४च्या (अमेरिकेत येण्या-जाण्याच्या नोंदीच्या) सरकारी संकेतस्थळावरची माहिती, असं तिन्ही ताडून पाहा. जुने पासपोर्ट भारतातल्या कपाटात असतील तर आजच मागवून घ्या.

तारीख उतरवताना आपली सवय आड येते. आपण आधी दिवस लिहितो, अर्जात आधी महिना लागतो. ५ ऑगस्टची ८ मे झाली की तीन महिन्यांचा हिशेब बिघडतो आणि मुलाखतीत आई गोंधळते.

हिशेबही दोन वेगळे आहेत, ते एकत्र करू नका. एकच फेरी सहा महिन्यांपेक्षा लांबली, तर अमेरिकेतलं सलग वास्तव्य तुटलं असं धरलं जातं. ते तुटलं नाही हे आपल्याला दाखवावं लागतं: घराचा भाडेकरार, कर भरल्याचे कागद, घरचे लोक इथेच असल्याचा पुरावा. वर्षभर किंवा त्याहून जास्त बाहेर राहिलात तर प्रश्न आणखी गंभीर. दिवाळीला गेलेले आई-बाबा गुढीपाडवा करून परतले तर सहसा पाच महिन्यांत बसतं, अक्षय्य तृतीयेपर्यंत थांबले तर काठावर येतं. दुसरा हिशेब एकूण दिवसांचा. पाच वर्षांत किमान ३० महिने प्रत्यक्ष अमेरिकेत हवेत. दरवर्षी साडेसहा महिने तिकडे काढले, तेही दोन फेऱ्यांत विभागून, तर एकही फेरी लांब नसते. पण इथले जेमतेम साडेसत्तावीस महिने भरतात.

आता नावं. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या, कारण आपल्या पद्धती अमेरिकन अर्जाच्या रकान्यांत बसत नाहीत. आईच्या पिढीत लग्नानंतर आडनाव, मधलं नाव आणि पुष्कळदा पहिलं नावही बदलत असे. शाळेच्या दाखल्यावर कुसुम विष्णू जोशी आणि ग्रीनकार्डावर वैशाली मधुकर देशपांडे, ही एकच बाई आहे हे परक्या अधिकाऱ्याला कसं कळणार? अर्जात जन्मापासून वापरलेल्या इतर नावांचा रकाना आहे. "ते नाव आता कोण वापरतं?" म्हणून तो रिकामा सोडू नका. नावं जोडणारा कागद म्हणजे विवाह प्रमाणपत्र, आणि सत्तरच्या दशकातली कितीतरी लग्नं नोंदवलेलीच नाहीत. नोंदणी उशिराही होते, पण साक्षीदार घेऊन दोघांनी हजर राहावं लागतं. पुढच्या भारतफेरीत हे काम पहिल्या आठवड्यातच उरका.

भारतीय पासपोर्टात स्वतःचं आणि नवऱ्याचं नाव एकाच रकान्यात असतं, ग्रीनकार्डावरही बहुधा तसंच उतरतं. इथल्या ड्रायव्हिंग लायसन्सवर मात्र मधलं नाव वेगळं पडतं. अर्ज भरताना आपल्या मनाने ते "नीट" करू नका. ग्रीनकार्डाप्रमाणे लिहा, नाव बदलायचंच असेल तर अर्जात त्याची वेगळी विचारणा आहे.

मराठी कागदाचं भाषांतर पूर्ण हवं: गोल शिक्का, समासातला शेरा, मागच्या पानावरची ओळसुद्धा. भाषांतर संपूर्ण आणि अचूक आहे आणि आपल्याला दोन्ही भाषा येतात, असं भाषांतरकाराने लिहून सही करायची असते. हस्ताक्षरातले १ आणि ९ जपून वाचा. १९४९ चं १९४१ सहज होतं, म्हणून अक्षरी लिहिलेली जन्मतारीख आधी पाहा.

बाबांच्या नावावर पुण्याच्या फ्लॅटचं भाडं येत असेल तर ते इथल्या करविवरणात दाखवलेलं असायला हवं. अटक किंवा खटला कधी झाला असेल, तर तो रद्द झाला तरी लपवू नका, कोर्टाची प्रमाणित प्रत आणा. घर बदललं तर १० दिवसांत पत्ता कळवा.

शपथविधीच्या दिवशी ग्रीनकार्ड परत घेतात, तेव्हा आदल्या रात्री दोन्ही बाजूंची प्रत काढून ठेवा. नागरिकत्वाचं प्रमाणपत्र हातात आलं की तिथेच, उठण्याआधी, आईला आपलं नाव अक्षर अक्षर वाचायला सांगा. देशपांडेतलं एक अक्षर चुकलं, तर ती चूक पुढे अमेरिकन पासपोर्टात आणि ओसीआयमध्ये (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना भारत सरकार देतं त्या कार्डात) उतरते. आणि त्या दिवसापासून भारतीय पासपोर्टावर प्रवास करता येत नाही, तो रीतसर जमा करावा लागतो. त्यामुळे दिवाळीची तिकिटं त्यानंतरच काढा.