रबरी हात आपला वाटतो कसा: सोसायटीच्या हॉलमध्ये मांडायचा प्रयोग

जपानच्या ओकिनावा बेटावरच्या संशोधकांनी २०२५ मध्ये ऑक्टोपसचा एक हात आडोशाला लपवला, त्याला दिसेल असा एक खोटा मऊ हात मांडला आणि दोन्हींना एकाच वेळी स्पर्श केला. मग खोट्या हाताला चिमटा काढला, तर ऑक्टोपस आपल्यालाच चिमटा बसल्यासारखे बचावाला लागले. दोन स्पर्शांची वेळ जुळवली नाही, तेव्हा असं झालं नाही. माणसांवर हा प्रयोग बोटविनिक आणि कोहेन या संशोधकांनी १९९८ मध्ये रबरी हात वापरून केला होता, आणि तो हात आपलाच असल्याचा भास लोकांना झाला होता. गणपतीत सोसायटीच्या हॉलमध्ये तो सहज मांडता येतो. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात एका फेरीत सगळं सामान मिळतं.

भांडी घासायचे जाड रबरी हातमोजे घ्या, शक्यतो फिक्या रंगाचे. रंग कातडीशी हुबेहूब जुळायची गरज नाही, आकार मात्र हातासारखा हवा. दोन्ही हातांना चालणारे पातळ हातमोजे नकोत, त्यांचा अंगठा चुकीच्या जागी दिसतो. डाव्या मोज्याच्या बोटांत पेन्सिलीने कापूस ठासा. तळव्यात एक वाटी तांदूळ भरा, म्हणजे ब्रश फिरवताना हात सरकणार नाही. मनगटाला रबरबँड लावा. शिवाय एकाच कंपनीचे, एकाच नंबरचे दोन मऊ रंगाचे ब्रश, एक टॉवेल आणि साधारण ६० सेंमी लांब, ४० सेंमी उंच पुठ्ठा लागेल.

समोरच्याला टेबलाशी बसवा. त्याचा डावा हात पालथा, उभ्या पुठ्ठ्याच्या डाव्या बाजूला, त्याला दिसणार नाही असा. रबरी हात पुठ्ठ्याच्या उजवीकडे, त्याच्या समोर, बोटं त्याच दिशेला. दोन्ही हातांच्या तर्जनींमध्ये १५ ते २० सेंमी अंतर ठेवा. ते ३० सेंमीच्या पुढे गेलं की परिणाम झपाट्याने कमी होतो. रबरी हात आडवा फिरवला किंवा उजव्या हाताचा मोजा वापरला, तरी फसतं, कारण शरीराला ती ठेवण अशक्य वाटते. टॉवेल खांद्यावरून रबरी मनगटापर्यंत पसरा. मनगटाची कापलेली कड दिसली की मेंदू ते स्वीकारायला कुरकुरतो.

आता खरं काम. समोर बसून दोन्ही हातांच्या तर्जनीवर, पेरापासून नखापर्यंत, एकाच क्षणी, एकाच दिशेने ब्रश फिरवा. साधारण सेकंदाला एक फटकारा. मध्येच बोट बदला, मध्येच थांबा, पण दोन्ही ब्रशनी सोबतच. असं दोन मिनिटं. एरसन या संशोधकाच्या २००४ च्या प्रयोगात ज्यांना भास झाला, त्यांना तो सरासरी ११ सेकंदांतच झाला होता. सवय नसेल तर आपला एक हात मागे पडतो आणि नेमकं तिथेच बिघडतं. दोन ब्रशांत फरक साधारण एक तृतीयांश सेकंदाएवढा झाला तरी भास फिका पडतो. म्हणून आधी रिकाम्या टेबलावर पाच मिनिटं सराव करा.

भाद्रपदातल्या दमट हवेत घामाने ब्रश कातडीला चिकटतो. हातावर थोडी टाल्कम पावडर लावा. पंखा हळू ठेवा आणि वारा हातावर थेट येऊ देऊ नका. खऱ्या हाताला वारा लागतो, डोळ्यांना मात्र तसं काही दिसत नाही, आणि ही विसंगती भास मोडते.

दुसरी फेरी कृपा करून गाळू नका. सगळं तेच, फक्त दोन ब्रशांच्या स्पर्शात अर्धा ते एक सेकंद अंतर. ही फेरी नसेल, तर तुमच्याकडे प्रयोग नाही, गंमत आहे. कोणती फेरी आधी, हे प्रत्येकासाठी नाणं उडवून ठरवा. मध्ये हात झटकायला दोन मिनिटं द्या.

प्रत्येक फेरीनंतर वजा ३ ते अधिक ३ असे गुण मागा: 'स्पर्श रबरी हातावर झाल्यासारखा वाटला', 'रबरी हात माझाच वाटला'. सोबत एक फसवं वाक्यही टाका, जसं 'मला दोन डावे हात असल्यासारखं वाटलं'. एखादा या सगळ्यालाच अधिक ३ देत असेल, तर तो तुम्हाला खूश करतोय. यामागे कारण आहे. सूचनेला लवकर प्रतिसाद देणाऱ्यांना हा भास जास्त होतो, असं ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांना २०२० मध्ये आढळलं, आणि त्यावर वाद अजून चालू आहे. म्हणून 'आता हात तुझा वाटेल बघ' असं आधी चुकूनही बोलू नका. रांगेतल्यांनाही बाहेरच थांबवा.

आकड्यातही मोजता येतं. फेरीच्या आधी आणि नंतर डोळे मिटायला सांगा. डावा हात जागेवरच ठेवून, टेबलाखालून उजवी तर्जनी डाव्या तर्जनीच्या बरोबर खाली आणायला सांगा. तीनदा खडूची खूण करा आणि सरासरी काढा. वेळ जुळलेल्या फेरीनंतर खूण बहुधा रबरी हाताकडे सरकते. हॉलमधल्या घडीच्या टेबलाखाली लोखंडी पट्टी असते, तिला बोट लागलं की माप बिघडतं. त्यामुळे सपाट लाकडी टेबल शोधा.

शेवटी रबरी हातावर अचानक पट्टी उगारायचा मोह होतो. मोठ्यांवरच करा, तेही दचकवण्याची परवानगी आधी घेऊन. लपलेला हात जोरात उडतो, म्हणून पुठ्ठा टेबलाला चिकटपट्टीने पक्का बांधा आणि पाण्याचे ग्लास लांब ठेवा. काहींना काहीच वाटणार नाही. त्यांचे गुणही वहीत लिहा.